एक्केचाळिशीतला युवराज

प्रश्न : माझं वय ६४. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं भांड्यांचं दुकान आहे. हे २००७ साली गेले, तेव्हापासून दुकान मीच चालवते. थोरला मुलगा ४१ वर्षांचा. दुकानातच असतो, पण पैशाचे व्यवहार त्याच्यावर सोपवायचा धीर होत नाही. खरं सांगू का, इंजिनिअरिंग अर्धवट टाकून तो घरी आला, त्याचाच ह्यांनी धसका घेतला असं मला अजून वाटतं. मधली मुलगी पुण्यात दिली आहे, तिच्याशी दिवसातून दोनदा तरी फोन होतो. धाकटी ३३ वर्षांची, माझ्याजवळ असते, दुकानाचे हिशेबही तीच बघते. तिने आता स्वतःहून एक मुलगा पसंत केलाय. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. परवा सून मुलाला म्हणाली, “आई म्हणजे अगदी राणी व्हिक्टोरिया!” दोघं हसली. मला वाटलं कौतुक आहे, पण नात म्हणाली, “आजी, तो टोमणा होता.” मला व्हिक्टोरिया म्हणजे मुंबईचं जुनं व्हीटी स्टेशन एवढंच ठाऊक. ती आपल्या मुलांशी कशी वागली? आणि माझं काय चुकतंय?

ताई, नमस्कार.

सूनबाईंनी हा शेरा सहज मारला असेल, तर त्यांचा नेम जबरदस्त आहे. माझा अंदाज, त्यांनी राणीबद्दल कुठेतरी वाचलंय. मुलाच्या हाती कारभार न देणं, नवऱ्याच्या मृत्यूचा ठपका त्याच्यावर ठेवणं आणि धाकटीच्या लग्नावरून अबोला धरणं, तुमच्या पत्रातल्या या तिन्ही गोष्टी व्हिक्टोरियाने केल्या आहेत. म्हणून आधी तिची हकिकत सांगते. मध्ये मध्ये तुमच्याकडे वळेन.

व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, गादीवर आली. ती आठ महिन्यांची असतानाच वडील वारले होते. तिची आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी केन्सिंग्टन राजवाड्यात तिच्यावर असा पहारा ठेवला होता, की पोरीला एकटीने जिनासुद्धा उतरता येत नसे. कुणीतरी हात धरायला हवंच. गादीवर येण्याच्या दिवसापर्यंत ती आईच्या खोलीत झोपायची. राणी झाल्या झाल्या तिने आपला पलंग त्या खोलीतून हलवायला लावला. बकिंगहॅम राजवाड्यात राहायला गेल्यावर आईला खोल्या दिल्या त्याही आपल्यापासून चांगल्या लांब. म्हणजे मुलांवर सतत नजर ठेवली की मुलांचं काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

१८४० मध्ये तिचं मामेभाऊ अल्बर्टशी लग्न झालं आणि पुढच्या १७ वर्षांत नऊ मुलं झाली. बाळंतपणाचा तिला मनस्वी तिटकारा. तान्ही मुलं बेडकासारखी दिसतात, असं तिने स्वतःच्या लेकीला पत्रातून कळवलं होतं! तरी प्रेम नव्हतं असं म्हणवत नाही. इंग्लंडजवळच्या ‘आइल ऑफ वाइट’ या बेटावरच्या ऑस्बर्न इथल्या त्यांच्या घरी गेलं की हे कुटुंब खरोखर कुटुंबासारखं राहायचं. तिथे अल्बर्टने मुलांसाठी स्विस धाटणीचं एक लाकडी घर बांधून घेतलं होतं. बागेत प्रत्येकाला आपापला वाफा, लहान हाताला पेलतील अशी फावडी आणि छोट्या हातगाड्या. प्रत्येक हातगाडीवर त्या त्या मुलाची आद्याक्षरं. पिकवलेली भाजी बाप बाजारभावाने विकत घ्यायचा. तुमच्या दुकानात रुखवताच्या भांड्यांवर नाव घालून देत असतीलच, तेव्हा वस्तूवर आपलं नाव दिसलं की माणूस ती कशी जपतो हे मी तुम्हाला काय सांगू?

हा शहाणपणा अल्बर्टचा. राणीचा स्वभाव वेगळा होता. १८५६ साली अल्बर्टने तिला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहून ही दोघं भांडणानंतर एकमेकांना पत्रं लिहायची. त्यात त्याने म्हटलंय की मुलांच्या सहवासात तुला आनंद मिळत नाही, याचं मूळ तुझ्या एका चुकीच्या समजुतीत आहे. आईचं काम म्हणजे सतत चुका काढणं, रागावणं, हुकूम सोडणं, असं तुला वाटतं. पण ज्यांना आत्ताच झापलं त्यांच्याशी लगेच हसतखेळत बोलता येत नाही. नवऱ्याने बायकोला, त्यातून राज्य करणाऱ्या राणीला, इतकं सरळ लिहिलेलं फार थोडं सापडेल. १८६१ मध्ये अल्बर्ट गेला आणि असं सांगणारं घरात कुणी उरलं नाही. दुकानाची मालकीण आणि घरातली आई एकच असली, की तिला “आई, हे चुकतंय” म्हणायची कुणाची छाती होत नाही. तुमच्याकडे ते काम टोमण्याने केलं. मी तुमच्या जागी असते तर सूनबाईंवर रागावले नसते.

आता थोरल्याकडे येऊ.

युवराज अल्बर्ट एडवर्ड, घरातलं नाव बर्टी. थोरली बहीण विकी अतिशय हुशार, पुस्तकांत रमणारी. बर्टीचं डोकं पुस्तकात चालत नसे. त्याला माणसं आवडत. आईबापांनी त्याच्यामागे शिक्षक लावले, दिवसाचे तासन्‌तास अभ्यास लावला, तो बिथरला की आणखी अभ्यास वाढवला. १८६० मध्ये त्याला कॅनडा आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा लोक त्याच्यावर बेहद्द खूश झाले. मुलगा कशात तरबेज आहे हे तेव्हाच दिसलं होतं. पण पुढच्या वर्षी आयर्लंडच्या लष्करी छावणीत एका नटीबरोबर त्याचं प्रकरण झालं आणि ती बातमी घरी पोहोचली. अल्बर्ट आधीच आजारी. त्याही स्थितीत तो नोव्हेंबरच्या गारठ्यात केंब्रिजला गेला, मुलाबरोबर पावसात लांबवर चालत बोलला आणि त्याला माफ करून परतला. तीन आठवड्यांच्या आत, १४ डिसेंबर १८६१ ला, अल्बर्ट वारला. डॉक्टरांनी निदान केलं विषमज्वराचं. राणीच्या लेखी मात्र कारण एकच होतं, बर्टी. त्याच्याकडे पाहिलं की अंगावर शहारा येतो, असं तिने विकीला लिहिलं.

ताई, बापाने माफ केलं होतं. आईने केलं नाही. विषमज्वर पावसात फिरल्याने होत नाही, मुलाच्या लफड्याने तर नाहीच. अल्बर्टला पोटाचं जुनं दुखणं असावं, असा संशयही पुढे अनेकांनी घेतलाय. तुमच्या यजमानांना काय झालं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. जे काही झालं असेल ते डॉक्टरांच्या कागदावर असेल. तो कागद घरात असेल तर एकदा काढून वाचा. कॉलेज सोडून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा त्या कागदात कुठेही नसणार. आणि अठरा वर्षं तुमच्या मनात हे असेल, तर त्याला ते कळलेलंच नाही असं समजू नका. बर्टीला कळलं होतं. “तुझ्यामुळे गेले असं मी मनात धरलं होतं, ते खरं नव्हतं,” हे एकदा त्याच्यासमोर म्हणा. सोपं नाही, ठाऊक आहे. पण हे वाक्य आधी आणि हिशेबाच्या वह्या मागाहून.

कारण वह्यांचं काय झालं ते बघा. मंत्रिमंडळाकडून आणि परराष्ट्र खात्याकडून राणीकडे कुलूपबंद पेट्यांमधून कागद यायचे. बर्टीला ते बघायची मुभा नव्हती. कारण काय, तर त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्याला आयर्लंडमध्ये राणीचा प्रतिनिधी म्हणून पाठवावं असं पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी सुचवलं, राणीने ते मोडून काढलं. बर्टीपेक्षा साडेअकरा वर्षांनी लहान असलेला भाऊ लिओपोल्ड मात्र आईला पत्रव्यवहारात मदत करायचा, त्याला कागद दिसायचे. रिकाम्या युवराजाने मग काय केलं असेल? शर्यती, पत्ते, पार्ट्या, बायका. १८७० मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात साक्षीला उभा, १८९१ मध्ये जुगाराच्या प्रकरणात पुन्हा साक्षीला उभा. दर वेळी आई म्हणणार, बघा, मी सांगत होतेच! त्याला जबाबदारी देत नाही कारण तो बेजबाबदार आहे, आणि तो बेजबाबदार आहे कारण त्याला काही करायलाच नाही. हे चक्र जरा सैल पडलं ते १८८६ मध्ये. त्या वर्षी परराष्ट्रमंत्री रोझबरी यांनी त्याला आपल्या खात्याचे कागद पाठवायला सुरुवात केली. मंत्रिमंडळाचे काही कागद तर १८९२ पासून मिळाले, तेव्हा युवराज पन्नास वर्षांचा होता.

या माणसाची एक बाजू आपल्या मुंबईने पाहिली आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, चौतिसावा वाढदिवस मुंबईत झाला, प्रिन्सेस डॉकची पायाभरणी त्याच्याच हस्ते झाली. आईची परवानगी नाखुशीचीच होती. इथले इंग्रज अधिकारी नेटिव्ह लोकांशी ज्या उर्मटपणे वागत ते पाहून तो चिडला, आणि माणसाचा रंग काळा आणि धर्म वेगळा म्हणून त्याला जनावरासारखं वागवायचं कारण नाही, असं त्याने लंडनला लिहून कळवलं. डोळे उघडे असलेला माणूस होता हो. पण आई आता ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हा किताब घेणार, ही बातमी त्याला कळली ती वर्तमानपत्रातून! ज्या देशात तो तिच्यावतीने चार महिने फिरत होता त्याच देशाबद्दलची गोष्ट. तुमच्या दुकानात नवी एजन्सी घेतल्याचं मुलाला गिऱ्हाइकाकडून कळत असेल, तर तो काउंटरवर उदास का उभा असतो हे वेगळं विचारायला नको. (त्याच दौऱ्याच्या आठवणीसाठी सर अल्बर्ट ससून यांनी युवराजाचा घोड्यावरचा पुतळा दिला. तोच मुंबईचा ‘काळा घोडा’. १९६५ मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. मुलगा अखेर आईच्याच बागेत!)

राणीला मुलांवर विश्वास टाकताच येत नव्हता, असंही नाही. आर्थर हा तिचा लाडका. सैन्यात रीतसर चढत गेलेला आर्थर १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता, तेव्हा त्याचा मुक्काम पुण्यात असायचा. १८८८ साली हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला दिलेल्या मेजवानीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांदेखत म्हणाले, की खरी प्रजा ही नव्हे, खरी प्रजा खेड्यात उपाशी आहे, हे आपल्या मातोश्रींना कळवा. आर्थर सगळ्या भावंडांत सालस म्हणून ओळखला जाई. मुळात तसा होता, की वेळेवर काम मिळालं म्हणून तसा झाला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

तर तुमच्या मुलाला “जरा बँकेत जाऊन ये” छापाची कामं सांगणं थांबवा. एक पूर्ण खातं द्या. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. या हंगामाची स्टीलची खरेदी त्याची. कुठला माल, कोणाकडून, किती, उधारी किती दिवसांची, सगळं तोच ठरवेल. जुन्या पितळेच्या मोडीचा भाव सुद्धा तोच लावेल. घाऊक व्यापाऱ्याचा फोन तुम्हाला आला, तर “त्याच्याशी बोला” एवढंच म्हणायचं. पहिल्या हंगामात तो चार डझन डबे जास्त उचलेल, ते पडून राहतील. राहू देत. तुम्ही २००७ साली दुकानात बसलात तेव्हा पहिल्या वर्षी काय काय पडून राहिलं होतं, आठवून बघा. चालू खात्यावर त्याची सहीही घाला, रकमेची मर्यादा ठेवून घाला हवी तर. बर्टी ५९ व्या वर्षी राजा झाला तेव्हा लोकांना वाटलं होतं की हा काय राज्य करणार. दोन वर्षांत तो पॅरिसला गेला, तिथल्या नाखूश लोकांची मनं त्याने जिंकली आणि पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, फ्रान्सशी समेटाचा करार झाला. वाटाघाटी मुत्सद्द्यांच्या होत्या, पण वातावरण याने तयार केलं. माणसं जोडण्याची ती कला १८६० मध्येच दिसली होती. चाळीस वर्षं तिचा राज्याला काडीचा उपयोग करून घेतला गेला नाही.

आणखी एक. राणीची इच्छा होती की ऑस्बर्नचं घर वंशात राहावं, आणि मुलाने ‘अल्बर्ट एडवर्ड’ या नावाने राज्य करावं. १९०१ मध्ये ती गेल्यावर मुलगा नुसता ‘एडवर्ड’ झाला, आणि १९०२ मध्ये ऑस्बर्न देशाला देऊन मोकळा झाला. तुमच्यामागे दुकानाचं काय व्हावं हे तुम्ही मनाशी ठरवलं असेल. ते तिघांना समोर बसवून बोला आणि वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या. तुम्ही मनात ठेवलेली इच्छा त्यांना कशी कळणार?

पुण्याच्या लेकीबद्दल थोडक्यात. विकी १७ व्या वर्षी लग्न होऊन प्रशियाला, म्हणजे जर्मनीत, गेली. त्यानंतर ४० वर्षांहून जास्त काळ मायलेकींचा पत्रव्यवहार चालला, हजारो पत्रं आहेत. त्यात जिव्हाळा आहे, पण सुरुवातीच्या काळात सूचनांचा मारा इतका, की घराण्याचे जुने सल्लागार स्टॉकमार यांना मध्ये पडावं लागलं. दुसरी मुलगी अॅलिस. बापाची शुश्रूषा हिनेच केली. तिने आपल्या बाळाला अंगावर पाजायचं ठरवलं, तर आईला ते इतकं नापसंत की तिने बाल्मोरलच्या, म्हणजे आपल्या स्कॉटलंडमधल्या वाड्याच्या, गोठ्यातल्या एका गाईला अॅलिसचं नाव दिलं! दिवसातून दोनदा फोन करा, खुशाल करा. फक्त त्यातल्या किती वाक्यांच्या शेवटी ‘कर’, ‘करू नकोस’, ‘सांगितलं होतं ना’ येतं, ते एक दिवस मोजा.

आता धाकटी. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात तातडीचा भाग हाच आहे, आणि तुम्ही तो तीन वाक्यांत उरकलात.

बिआट्रिस, नववं मूल, बाप गेला तेव्हा चार वर्षांची. राणीने ठरवून टाकलं की ही आपल्याजवळ राहणार. तिच्यासमोर लग्नाचा विषय काढायचा नाही, असा घरात नियम होता. पोरगी लाजाळू, आज्ञाधारक, आईची चिटणीसच झाली. १८८४ मध्ये, २७ व्या वर्षी, तिने सांगितलं की मला बाटेनबर्गच्या हेन्रीशी लग्न करायचंय. राणीने अबोला धरला. सात महिने मायलेकी एका टेबलावर बसत होत्या आणि काही सांगायचं झालं तर चिठ्ठी लिहून सरकवत होत्या. त्या टेबलावर रोज बसणं कसं असेल, याची तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कल्पना आहे. शेवटी बाकीच्या नातलगांनी समजूत घातली. लग्न जुलै १८८५ मध्ये झालं, पण एका अटीवर, दोघांनी राणीजवळच राहायचं.

हेन्री दिलखुलास माणूस होता, सासूचाही तो लाडका झाला. आता सगळं गोड झालं असं वाटेल. पण सासूच्या घरात, सासूच्या वेळापत्रकावर जगून तो कंटाळला. दहा वर्षांनी हट्टाने आफ्रिकेत, अशांती नावाच्या राज्यावरच्या लष्करी मोहिमेवर गेला, तिथे हिवतापाने गाठलं आणि जानेवारी १८९६ मध्ये परतीच्या वाटेवर जहाजातच वारला. बिआट्रिस पुन्हा आईच्या चिटणिशीला. आई गेल्यावरही सुटली नाही. आईच्या रोजनिश्या नकलून काढायचं काम तिच्याकडे होतं. घराण्याला अडचणीचं वाटेल ते गाळायचं आणि मूळ वह्या जाळायच्या. असे १११ खंड तिने नकलले, त्यात कित्येक वर्षं गेली. राणीने मुलांबद्दल खरोखर काय काय लिहिलं होतं, त्यातलं बरंच त्या आगीत गेलं.

ताई, तो मुलगा कोण, काय करतो, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला तरी ठाऊक आहे का? मला वाटतं, तुमचा राग त्या मुलावर नसून धाकटी जाणार यावर आहे. दिवस मावळला की दुकानाचं शटर ओढून घरी आल्यावर बोलायला कुणी नसेल, ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवण्यात कमीपणा काहीच नाही. “मला एकटं वाटेल” हे लेकीला सांगा. ते ऐकून ती कदाचित रडेल, पण नातं तुटणार नाही. मुलाला या रविवारी जेवायला बोलवा. चौकशी रीतसर करा, घरदार, नोकरी, सगळं विचारा, तो तुमचा हक्क आहे. नापसंत असेल तर का, ते तिच्या तोंडावर सांगा. पण जवळच राहायची अट घालू नका, आणि दोन गल्ल्या सोडून घर बघून देते, असंही म्हणू नका.

आणि दुकानाचे हिशेब ती बघते, हे पत्रात एका वाक्यात येऊन गेलंय. त्याबद्दल तिला दरमहा काय मिळतं, ते कुठे दिसलं नाही. लग्नाचं बोलायला बसाल तेव्हा मागच्या वर्षांचं आणि पुढचंही तेवढं ठरवून टाका, आकड्यासकट.